आधी पंखा बदल, मग बॅटरी घे

मंचर

चि. सोनीस,


अवसरी खुर्दला कॉलेजच्या रस्त्यावर तुझ्या झेरॉक्सच्या दुकानासाठी गाळा मिळाला, हे फार चांगलं झालं. २००९ साली तिथं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं तेव्हापासून त्या रस्त्यावर पोरांची वर्दळ वाढतच गेली आहे. सबमिशनच्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानापुढं उभं राहायला जागा नसते. आणि लाइट नेमकी त्याच दिवसांत जाते, म्हणून तुझी काळजी मला समजते.

तू विचारलंस की दुकानाला दीडशे एएचची एक बॅटरी पुरेल की दोन घ्याव्यात. याचं उत्तर बॅटरीच्या दुकानात शोधू नकोस. तिथं पंखे किती, ट्यूब किती एवढं विचारतील आणि मोठी बॅटरी दाखवतील. मी इतकी वर्षं या तालुक्यात इन्व्हर्टर बसवले, उघडले, दुरुस्त केले. लोक हजारो रुपये बॅटरीत घालतात आणि छताला टांगलेला जुना पंखा ते रोज थोडे थोडे खाऊन टाकतो. तेव्हा लाइट गेल्यावर काय चालवायचं नाही, हे तू आधी ठरव. चालवायचं ते मग आपोआप उरतं.

पहिलं नाव झेरॉक्स मशीनचं. ते इन्व्हर्टरवर चालवायचं नाही. लेझर प्रिंटरही नाही. या दोन्ही यंत्रांत पावडर कागदाला चिकटवायला तापणारा रोलर असतो आणि तो पुन्हा पुन्हा तापताना एकदम मोठा करंट ओढतो. छोटा लेझर प्रिंटरसुद्धा त्या क्षणाला पाचशे-सातशे वॅट घेऊन जातो. झेरॉक्स मशीन हजाराच्या वर जातं. घरगुती ९०० व्हीएचा इन्व्हर्टर जेमतेम सातशे वॅट देतो, म्हणजे तो ओव्हरलोड होऊन बंद पडेल, नाहीतर बॅटरीला रोज असे हिसके बसतील. लॅमिनेशनचं मशीनही तापणारंच, तेही बाहेर. स्पायरल बाइंडिंगचं मशीन हाताचं घे, म्हणजे त्याला विजेचा प्रश्नच नाही.

मग लाइट गेल्यावर प्रिंट द्यायचे कसे? शाईच्या टाकीवाला एक प्रिंटर घे. त्यात काही तापत नाही, म्हणून छापताना तो पंधरा-वीस वॅटच खातो. वेग कमी आहे, पण समोर उभ्या पोराला त्याची दहा पानं त्याच वेळी मिळतात आणि ते दुसऱ्या दुकानात जात नाही. तुझ्या धंद्यात बॅटरीपेक्षा हा प्रिंटर जास्त महत्त्वाचा आहे, असं माझं मत आहे.

आता डेस्कटॉप की लॅपटॉप. याचा इन्व्हर्टरशी थेट संबंध आहे आणि विकणारे तो क्वचितच सांगतात. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागं एक बटण असतं, त्याच्या एका बाजूला यूपीएस लिहिलेलं असतं. बटण त्या बाजूला ठेवलं की लाइट जाताच बदल इतक्या झटक्यात होतो की कॉम्प्युटर बंद पडत नाही. पण त्या स्थितीत इन्व्हर्टर फक्त साधारण १८० ते २६० व्होल्टपर्यंतचीच लाइट चालवून घेतो. दुसऱ्या बाजूला तो शंभर-सव्वाशे व्होल्टवरही लाइटवरच राहतो, मात्र बदलायला किंचित वेळ घेतो आणि डेस्कटॉप बंद पडतो. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की आपल्याकडं व्होल्टेज किती खाली येतं ते तू पाहतेस. डेस्कटॉप घेतलास तर बटण यूपीएसवर ठेवावं लागेल, आणि मग लाइट असूनही इन्व्हर्टर ती नाकारून बॅटरीवर जाईल. खरोखर लाइट जाईपर्यंत बॅटरी अर्धी उतरलेली असेल. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्याला त्या क्षणभराचं काही वाटत नाही. बटण दुसऱ्या बाजूला ठेवता येतं आणि बॅटरी खऱ्या गरजेला शिल्लक राहते.

आता हिशेब मांडू, तोही कागदावर. १२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी म्हणजे गुणाकारानं १८०० वॅट-तास. पण ती पूर्ण कधी उपसायची नाही, काही भाग इन्व्हर्टरमध्ये उष्णता होऊन जातो, आणि लेबलवरचे १५० हे वीस तास सावकाश उपसली तरच मिळतात. जोरात उपसली की त्याहून कमी. हातात येतात ते सुमारे हजार वॅट-तास, आणि हिशेब त्या हजाराचाच धरायचा. डेस्कटॉप १३०, जुना पंखा ७५, चोकवाल्या दोन ट्यूब १००, राउटर १० आणि प्रिंटर २० धरला तर ३३५ वॅट होतात. तीन तासांत खेळ आटोपला. त्याच गाळ्यात लॅपटॉप ६०, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा पंखा ३०, एलईडीच्या दोन ट्यूब ४०, राउटर आणि प्रिंटर मिळून ३० असे १६० वॅट धर. बॅटरी तीच, पण सहा तास जाते. दुसऱ्या बॅटरीचे पैसे वाचले, आणि लाइट असते तेव्हाही बिल कमी येतं. दुसरी बॅटरी घेतलीस तर चार-पाच वर्षांनी दोन्ही बदलाव्या लागतील. पंखा त्याच्या पुढंही फिरत राहील.

पंखा घेताना त्यावरचं स्टारचं लेबल बघ. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ते सक्तीचं आहे. आणि इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच घे. चौकोनी वेव्हवाला थोडा स्वस्त पडतो, पण त्यावर साधा पंखा गुणगुणतो, मोटर तापते आणि तीच मोटर जास्त वॅट खाते. वाचवलेले पैसे असे परत जातात.

मळ्यावरच्या घराचं वेगळं. तिथं फ्रिज इन्व्हर्टरवर लावावा का, असं तुझ्या आईनं विचारलंय. नको. कॉम्प्रेसर चालू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट एकदम ओढतो, आणि दार उघडलं नाही तर फ्रिज तीन-चार तास सहज गार राहतो. दूध सकाळी डेअरीला जातंच, त्यामुळं घरात राहतं ते थोडंच. मिक्सर, इस्त्री, गिझर, पाण्याची मोटर यांतलं काही इन्व्हर्टरच्या लाइनवर नको. वायरमनकडून त्या लाइनची वायर वेगळी ओढून घे आणि बोर्डावर तिचे सॉकेट वेगळ्या रंगाचे लाव, म्हणजे कुणी पाहुणा इस्त्री खोचणार नाही. या लाइनचा न्यूट्रल घरातल्या दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलमध्ये मिसळू देऊ नकोस. पिन लावून उलटी वीज बोर्डात सोडण्याचे उद्योग काही जण करतात, तसलं काही करणारा वायरमन असेल तर त्याला दारातूनच परत पाठव. बंद समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा त्यानं जीव जाऊ शकतो.

गोठ्याकडचा दिवा मात्र हवाच. उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते हे आपल्या तालुक्यात शेंबडं पोरही जाणतं, आणि तुझी आई पहाटे धारा काढायला अंधारात निघते. दहा वॅटचा एलईडी रात्रभर जळला तरी शंभरच वॅट-तास जातात, म्हणजे त्या हजारातला दहावा हिस्सा. ह्या एका दिव्यावर काटकसर करू नका. अंगणातला दिवा इन्व्हर्टरवर ठेव आणि गोठ्याला सौर दिवा लाव. पावसात गोठ्यापर्यंत ओढलेली वायर धोक्याची.

बॅटरीची जात आता ठरवू. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी पडून आहे, ती लावू का, असं तुझ्या भावानं विचारलं होतं. मुळीच नको. ती इंजिनला एकदा जोराचा धक्का द्यायला बनवलेली असते, तिच्या प्लेटा पातळ असतात. तासन् तास उपसली की काही महिन्यांत बसते. मळ्यावर उंच ट्यूब्युलर घ्या. पडवीत हवेशीर जागी ठेवा, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून चुलीजवळ किंवा झोपायच्या खोलीत नको. पत्र्याखाली उन्हात तर अजिबात नको, उष्णतेनं आयुष्य निम्म्यावर येतं. दर दोन-तीन महिन्यांनी पाणी बघा, उन्हाळ्यात त्याहून लवकर. घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. आरओच्या जारचं पाणी पिण्याला ठीक आहे, बॅटरीला नाही. त्यात क्षार उरतातच. ॲसिड कधीही वरून घालू नका.

उतरलेली बॅटरी तशीच ठेवणं हा तिचा सगळ्यात मोठा घात. २००५ च्या आसपास आपल्याकडं दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन असायचं. पूर्ण चार्ज व्हायला दहा-बारा तास लागतात, ते कधी मिळायचेच नाहीत. प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर धरायचा आणि बॅटऱ्या दोन वर्षांत बसायच्या. लोक कंपनीला नावं ठेवायचे. आज लाइट तेवढी जात नाही, पण महिनाभर घर बंद ठेवून गावाला गेलं तर तेच होतं, म्हणून मेन बंद करून जाऊ नका.

दुकानाला मात्र मी लिथियमची घे म्हणेन, महाग असली तरी. गाळ्यात कागदाचे गठ्ठे, माणसांची दाटी, खिडकी एकच. तिथं ॲसिडची बॅटरी मला पटत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएचची बॅटरी जवळजवळ पूर्ण उपसता येते, त्यामुळं हातात येणारी वीज शिशाच्या दीडशेएवढीच असते. वजन बारा-चौदा किलो, तर शिशाची पन्नासच्या वर जाते. पाणी नाही, वाफ नाही, आणि नीट वापरली तर दोन हजारांवर वेळा चार्ज होते. फक्त इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सेटिंग आहे का ते स्वतः बघून घे. शिशाच्या चार्जरवर ती लावून देणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस.

वॉरंटीचा आकडा ऐकून भुलू नकोस. साठ महिने म्हणतात, त्यातले फुकट बदलून देण्याचे किती आणि नुसत्या सवलतीचे किती हे कार्डावर लिहून घे. बनवल्याची तारीख बघ. सहा महिने दुकानात न चार्ज करता पडलेली असेल तर दुसरी माग. घरची जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. फोडून शिसं काढतात आणि ॲसिड ओढ्यात जातं. २०२२ च्या नियमांप्रमाणं जुन्या बॅटऱ्या गोळा करून परत न्यायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, तेव्हा नवी घेताना दुकानदाराला जुनी द्या आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्या.

आज रात्री दुकानातल्या आणि घरातल्या प्रत्येक वस्तूच्या मागच्या चिठ्ठीवरचे वॅट एका कागदावर उतरवून काढ, समोर तास लिही, आणि मला पाठव. रविवारी मी येतो, मग आपण दोघं मिळून घ्यायला जाऊ.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा