आधी आप्पांना विचारायला हवं होतं

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बालवाडीसाठी जागा हवी होती. संस्थेचा सचिव मी. गावाला लागूनच अठरा गुंठ्यांतलं बंद पडलेलं एक वर्कशॉप विकायला निघालं होतं. हायड्रॉलिक मशिनांच्या दांड्यांवर तिथे हार्ड क्रोम चढवत असत. काम थांबून पंधरा वर्षं झाली होती आणि भाव बाजारापेक्षा कमी होता. वकिलांनी तीस वर्षांचा शोध अहवाल दिला. बोजा नाही, वाद नाही. मी सही केली. जमीन कोणाकोणाची होती हे तीस वर्षं मागे जाऊन तपासलं, तिच्यात काय ओतलं गेलं हे एका माणसालाही विचारलं नाही.

माती मी तपासून घेतली होती, पण शेतीच्या मृदा परीक्षण केंद्रात. सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, सगळं ठीक आलं. त्या तपासणीत क्रोमियम बघतच नाहीत. शिवाय मी नेलेली माती वरची वीतभर होती, म्हणजे मालकाने विकण्याआधी पसरलेला नवा मुरूम.

पाया खणताना पाचव्या फुटाला पिवळ्या रेघा लागल्या. वळवाचा पाऊस झाला आणि खड्ड्यातलं पाणीही पिवळं दिसू लागलं. अनवाणी काम करणाऱ्या एका मजुराच्या पायाच्या बेचक्यांत खोल जखमा झाल्या. दुखत नव्हत्या, म्हणून तो बोललाच नाही. डॉक्टरांनी जखम पाहून पहिला प्रश्न विचारला, "प्लेटिंगच्या कामाला होतास का?"

तेव्हा कुठे मी आप्पांकडे गेलो. त्या वर्कशॉपात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. ते म्हणाले, "हौदाला चीर होती सर. पाणी उतरलं की वरनं घालायचं. इचारलं असतं तर सांगितलं असतं की." काठीने त्यांनी जमिनीवर हौद, धुण्याची जागा आणि मागचा शोषखड्डा आखून दाखवला. प्रयोगशाळेचे आकडे नंतर नेमके त्याच तीन ठिकाणी चढे आले.

क्रोमियमचं त्रिसंयुजी रूप मातीला धरून राहतं. षट्संयुजी रूप पाण्यात विरघळतं, पाण्याबरोबर चालतं आणि ते कर्करोगकारक आहे. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांतून ते मुरमात उतरतं आणि तिथून दगडाच्या सांध्यांतून विहिरीला लागतं. शेजारच्या विहिरीचं पाणी लोक तुरटी फिरवून, उकळून पीत होते. क्रोमियम अशाने जात नाही, उकळल्यावर पाणी आटून त्याचं प्रमाण उलट वाढतं. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि पाण्याला पिवळा रंग दिसायच्या खूप आधीच ती ओलांडलेली असते. रंग दिसण्याची वाट पाहू नका.

पुढची चूक मला सर्वांत जास्त सलते. पायातून निघालेली माती आम्ही भर म्हणून मागेल त्याला दिली. तीस ट्रॉल्या. संशय आला की पहिल्यांदा जेसीबी थांबवा आणि माती आहे तिथेच ताडपत्रीखाली झाका. नमुने वेगवेगळ्या खोलीवरून घ्या, पाण्याचे पावसाळ्याआधी आणि नंतर. प्रयोगशाळेला काय शोधायचं ते नाव घेऊन सांगा. गॅरेज, पेट्रोलपंप, बॅटरीचा कारखाना, कातडी कमावण्याची जागा, प्रत्येकाचं विष वेगळं असतं.

अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरात १९५३ साली एका कंपनीने रसायनं पुरलेला कालवा शाळामंडळाला १ डॉलरला दिला. त्यावर शाळा झाली, भोवती घरं झाली आणि १९७८ साली तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली. आमचा व्यवहारही शाळेसाठीच होता आणि स्वस्तातच होता.

प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायला मी दोन महिने कचरलो, संस्थेची बदनामी होईल म्हणून. तेवढे दोन महिने शेजारी तेच पाणी पीत राहिले. तुम्ही पहिल्याच दिवशी लेखी कळवा. जुलै २०२५ पासून दूषित जागांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम आहेत आणि खर्चाची जबाबदारी ते प्रदूषण करणाऱ्यावर टाकतात. आमचा विकणारा मात्र वारला होता. हौदाखालची माती घातक कचऱ्याच्या केंद्रावर पाठवली, बाकीच्या मातीत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हिराकस मिसळून क्रोमियम त्रिसंयुजी केलं. याला जमिनीच्या किमतीहून जास्त पैसे गेले. बालवाडी दुसऱ्या टोकाला, स्वच्छ निघालेल्या सहा गुंठ्यांवर उभी आहे. तिथे बोअर मारलेली नाही, पाणी नळाचं आहे.

तीस ट्रॉल्यांपैकी एकवीस परत आणल्या. नऊ कोणाच्या अंगणात पडल्या, ते अजून सापडलेलं नाही.