आवाजाची वेळ

चि. सोनू,


तुझ्या मित्राचे वडील गेल्याचं ताईकडून कळलं. तू त्याला मेसेज केलास, पण ‘काय बोलू तेच सुचत नाही’ म्हणून फोन टाळलास, हेही तिनं सांगितलं. रागवायला हे पत्र लिहीत नाही. मेसेज बरा का वाटतो, ते मला कळतं.

एकेकाळी प्रश्न पैशाचा होता. १९९५ साली आपल्याकडे मोबाइल आला तेव्हा आलेल्या फोनचेसुद्धा पैसे पडत, आणि ते २००३ पर्यंत चाललं. मिस्ड कॉल देऊन ‘पोचलो’ कळवायचं, ते काटकसरीपोटीच. २०१६ नंतर बोलणं जवळजवळ फुकट झालं, तरी तुम्ही मुलं लिहिताच. म्हणजे कारण दुसरं आहे. फोन वाजला की हातातलं टाकून दुसऱ्याच्या वेळेला हजर व्हावं लागतं. मेसेज आपल्या सवडीनं उघडता येतो. पीजीच्या खोलीत आणखी दोघं असताना मनातलं मोठ्यानं बोलणार कसं? त्यात दिवसभर कर्ज आणि क्रेडिट कार्ड विकणाऱ्यांचे फोन, त्यामुळे रिंग ऐकूनच कपाळाला आठी पडते. कर्णबधिर माणसांना तर मेसेजमुळे मध्यस्थाशिवाय निरोप धाडता येऊ लागला, ही केवढी मोठी गोष्ट! म्हणून मेसेजला सरसकट नावं ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांचं मला पटत नाही. पत्ता, वेळ, हिशेब, पैसे पोचल्याचा निरोप हे लिहूनच पाठवावं.

पण लिहिलेलं खोडता येतं, पुन्हा नीट मांडता येतं. ती सोय लिहिणाऱ्याची. दुःखातल्या माणसाला नीटनेटकं वाक्य नको असतं, कोणीतरी हवं असतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात लेस्ली सेल्टझर यांनी केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. लहान मुलींना आधी ताण येईल असं काम दिलं, मग काहींना आईशी बोलू दिलं, काहींना तिच्याशी फक्त मेसेजवर संवाद करू दिला. आईचा आवाज ऐकलेल्या मुलींच्या शरीरातला ताण उतरला, फोनवरून ऐकला तरीही. मेसेजवाल्या मुली मात्र आईशी काहीच संपर्क न झालेल्या मुलींसारख्याच राहिल्या. शब्द आईचेच होते, पण आवाज नव्हता.

तुझ्या ‘सुचत नाही’लाही उत्तर आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०२१ मध्ये दाखवलं की जुन्या मित्राशी फोनवर बोलणं अवघड जाईल असं लोकांना आधी वाटतं. प्रत्यक्षात ते लिहिण्यापेक्षा जास्त अवघड जात नाही, उलट जवळीक अधिक वाटते. तेव्हा भीती फोन लावण्याआधीचीच असते, बाळा.

आज रात्री जेवणं झाली की त्याला फोन लाव. गच्चीवर जा, म्हणजे खोलीतल्या मुलांचा संकोच नको. सांत्वनाची वाक्यं जुळवू नकोस. ‘मी बोलतोय’ म्हण आणि गप्प राहा. तो रडला तर रडू दे, मध्येच विषय बदलू नकोस. वडिलांबद्दल सांगू लागला तर पुढचं विचार. बाराव्याला जाणार असशील तर तेही तेव्हाच सांग. त्यानं फोन उचलला नाही, तर लागोपाठ लावत बसू नकोस. ‘जमेल तेव्हा कर, मी जागा आहे’ एवढा मेसेज टाक, आणि खरंच जागा राहा.

तुझी,
मावशी