चेहऱ्याचा खरा रंग

ओळखपत्रासाठी तुम्ही फोटो काढला असेल. तो हातात आल्यावर, ‘हा चेहरा माझाच का?’ असे कधी वाटले का?

प्रकाशालाही रंग असतो. साध्या बल्बखाली चेहरा पिवळा दिसतो, तर ट्यूबलाइटखाली कधी कधी हिरवट. आपले डोळे हा फरक सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला ते नेहमी जमत नाही. म्हणून संगणकावर फोटो सुधारताना आधी चेहऱ्याला हात लावू नका. फोटोतील पांढरा सदरा किंवा ओढणी पाहा. ती पांढरी दिसेपर्यंत रंग बदला. त्वचेचा रंगही बहुधा जागेवर येतो. कपड्याला नीळ जास्त असेल, तर मात्र फसाल!

काही जण सावळा चेहरा गोराच करून टाकतात. गोरा चेहरा हाच नमुना, ही समजूत जुनी आहे. 1950 च्या दशकात कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्यांना ‘शर्ली कार्ड’ देई. त्यावर गोऱ्या स्त्रीचे चित्र असे. तिचा रंग नीट आला, की छपाई ठीक! सावळी माणसे त्या फोटोंत काळवंडून जात. 1990 च्या दशकात निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांची कार्डे निघाली.

तुमच्या फोटोत चेहरा व मान शेजारी शेजारी पाहा. चेहरा गोरा करणारे बहुधा मान विसरतात.