पाच ताऱ्यांवर किती भरवसा ठेवावा?

प्रश्न : गाडीत जीपीएसचा अँड्रॉइड स्टिरिओ बसवायचाय. ऑनलाइन सगळेच पाच तारे देतात. खरं कोण बोलतंय?

उत्तर : आधी तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचा. ‘मस्त प्रॉडक्ट, फास्ट डिलिव्हरी’ यातून कुरियर कळतो, यंत्र नाही. आंबा घाटात रेंज गेल्यावर नकाशा चालला का, भर दुपारी स्क्रीन दिसते का, हे लिहिणारा बहुधा खरा ग्राहक. दोन दिवसांत पडलेल्या कौतुकाच्या ढिगाकडे बघूही नका. भारतीय मानक ब्युरोने (बीआयएस) २०२२मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० मानक आणलं, पण ऐच्छिक! स्टिरिओ बसवणाऱ्यालाही विचारा. कोणतं मॉडेल दुरुस्तीला परत येतं, ते त्याला पाठ असतं. बिल मात्र पक्कंच घ्या. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५.