जुना पीसी काढण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून जालन्यात आम्हा डीटीपीवाल्यांना जो तो नवीन मशीन घ्यायला सांगतोय. घ्या, जरूर घ्या. पण आधी माझ्यावर गुदरलेलं ऐका.

माझं काम लग्नपत्रिका, बियाणं कंपन्यांची माहितीपत्रकं आणि गणेश मंडळांचे अहवाल यांचं. सगळा कारभार विंडोज एक्सपीवर : पेजमेकर ७, कोरल ड्रॉ १२ आणि जुने मराठी फॉन्ट. ऐन लग्नसराईत मदरबोर्ड जळाला. हार्ड डिस्क शाबूत होती, त्यामुळे दुरुस्तीवाला म्हणाला, "डेटा आहे ना, मग काळजी कसली?" त्याने नव्या मशीनवर ६४ बिटचं विंडोज टाकलं, फायली उतरवल्या. पत्रिका उघडली, तर वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. फॉन्ट टाकल्यावर नावं दिसू लागली, पण नवीन अक्षर टाइप होईना. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं लॉक पॅरलल पोर्टचं होतं आणि नव्या मशीनला तो पोर्टच नव्हता. स्कॅनरही पडून राहिला, कारण त्याचा ड्रायव्हर ३२ बिटचा. तो ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही. विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये निघालेलंच नाही. परतूरहून आलेले मुलीचे वडील काउंटरपाशी ताटकळत बसलेले आणि आम्ही छापील नमुना समोर ठेवून दुसऱ्याच्या दुकानात पत्रिका नव्याने कंपोज करत होतो.

हे घडतं कारण जुन्या फॉन्टमधलं मॅटर संगणकाच्या लेखी मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या कोडवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात आणि श्रीलिपी, आकृती, आयएसएम या प्रत्येकाची मांडणी वेगळी. कन्व्हर्टरने युनिकोड करता येतं, पण प्रूफ वाचल्याशिवाय ते कुणाला देऊ नका. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. म्हणून 'नितीन', 'हर्षवर्धन' अशी नावं डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात. लग्नाच्या पत्रिकेत नाव चुकलं की त्या घराला वर्षानुवर्षं सलतं.

उलट बाजूनेही अडचण आहे. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं ते युनिकोड. कोरल १२मध्ये ते पेस्ट केलं की जोडाक्षरं तुटतात; पेजमेकरला तर युनिकोड कळतच नाही. कोरलमध्ये हे २०१२च्या एक्स ६पासून मार्गी लागलं.

म्हणून जुनं मशीन धडधाकट असतानाच कामाला लागा. महत्त्वाच्या प्रत्येक फाइलची फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ काढा. छपाईसाठी कंट्रोल क्यू दाबून कर्व्ह केलेली प्रत वेगळी ठेवा, पण मूळ फाइलवर कर्व्ह सेव्ह करू नका. पुन्हा एक अक्षरही बदलता येणार नाही. मंडळाच्या अहवालातली वर्गणीदारांची यादी दरवर्षी लागते आणि पीडीएफमधून ती कॉपी केली तर तोच काला हाती येतो. अशा याद्या आधी युनिकोडमध्ये आणा. पेजमेकरच्या फायली इनडिझाइनच्या सीएस ६पर्यंत उघडतात, पुढच्या आवृत्त्यांत ती सोय काढून टाकली. मोफत मिळणारं लिब्रेऑफिस ड्रॉ पेजमेकरच्या आणि कोरलच्या जुन्या फायली उघडतं. मांडणी हलते, पण मॅटर हाती लागतं. फॉन्टचं फोल्डर मात्र न विसरता कॉपी करा.

एक्सपी ठेवायचंच असेल तर इंटरनेट काढून ठेवा. ८ एप्रिल २०१४पासून त्याचा सपोर्ट बंद आहे आणि डीटीपीच्या दुकानात दिवसभर परक्या पेनड्राइव्ह येत असतात. नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्येही एक्सपी चालवता येतं. यूएसबी लॉक त्यात बहुधा चालतं. पॅरललवाल्या लॉकसाठी आधी कंपनीला फोन करा.

नवीन मशीनचे पूर्ण पैसे देण्याआधी दुरुस्तीवाल्याला समोर बसवा. एक जुनी पत्रिका उघडा, नाव बदला, स्कॅन करा, प्रिंट काढा. मग तीच फाइल खालच्या व्हर्जनला सेव्ह करून फ्लेक्सवाल्याकडे पाठवा आणि त्याच्याकडे उघडते का, ते फोनवर विचारून घ्या.