लवंगेचे बेट आणि त्याची गिऱ्हाइके

वाराणसीच्या गोदौलिया चौकातून दशाश्वमेध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पूजासाहित्याची दुकाने दाटीने उभी आहेत. पेशवे बाळाजी बाजीराव आणि त्यांच्यानंतर अहिल्याबाई होळकर यांनी अठराव्या शतकात या घाटाच्या उभारणीस हात लावला असल्यामुळे मराठी यात्रेकरूस हा परिसर परका वाटत नाही. येथे बांधून मिळणाऱ्या पुडीत कापूर, सुपारी आणि वेलदोडा यांच्या जोडीला चार लवंगाही असतात. नवरात्रात देवीला लवंगांची जोडी वाहतात; विड्याला लवंग टोचतात; आणि बनारसची लौंगलता ही मिठाई तर खव्याचे सारण भरलेली घडी एका लवंगेने बंद करूनच तळली जाते. मात्र लवंगेचे झाड गंगेच्या खोऱ्यात वाढत नाही. कन्याकुमारी, निलगिरी आणि केरळचा डोंगराळ भाग येथे थोडेफार पीक निघते. परंतु त्याने देशाची गरज भागत नाही. बाकीची लवंग समुद्रापलीकडील बेटांवरून येते. ही गोष्ट नवी नव्हे. दुसऱ्या बेटांवरून वाऱ्याने आणलेल्या लवंगफुलांचा उल्लेख कालिदासाच्या रघुवंशातही आढळतो.

कालिदासाच्या काळी ही बेटे म्हणजे आजच्या इंडोनेशियातील मोलुक्का द्वीपसमूह होय. तेथील मक्तेदारी पुढे डचांनी बळाने राखली. १७७० साली प्येर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याच्या प्रयत्नाने लवंगेची रोपे गुप्तपणे मॉरिशसला पोहोचली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील झांझिबारमध्ये रुजली. ओमानचा सुलतान सय्यद सईद याने आपली राजधानी झांझिबारला हलविली आणि गुलामांच्या श्रमावर लवंगेच्या बागा वाढविल्या. १८७२ च्या चक्रीवादळाने उंगुजा या मुख्य बेटावरील बहुतेक झाडे उन्मळून पडली; शेजारचे पेम्बा बेट बचावले, आणि तेव्हापासून पिकाचा मोठा वाटा पेम्बाचाच राहिला. ही दोन्ही बेटे एकत्र केली तरी त्यांचे क्षेत्रफळ गोव्यापेक्षा कमीच भरते. तथापि जगातील लवंगेचा बहुतांश पुरवठा दीर्घकाळ तेथूनच होत असे.

लवंग म्हणजे न उमललेली कळी. ती गुलाबी होऊ लागताच हाताने खुडावी लागते. एकदा का फूल उमलले की तिची किंमत गेली. खुडलेल्या कळ्या चटयांवर काही दिवस उन्हात वाळवितात आणि त्यांचे वजन एकतृतीयांशाच्या आसपास येते. रोप लावल्यापासून पहिले पीक हाती येण्यास सहा ते आठ वर्षे लागतात. शिवाय एका वर्षी झाडे लदबदून जातात, तर पुढील वर्षी फांद्या रित्या राहतात. अशा पिकावर ज्या बेटाचे सारे उत्पन्न अवलंबून असते, त्याला बाजारभाव पाहून लागवड बदलता येत नाही. गिऱ्हाइकाची गोष्ट वेगळी. त्याला आपला विचार एका हंगामात बदलता येतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या लवंगेची दोन सर्वांत मोठी गिऱ्हाइके युरोपात नव्हती. एक होता हिंदुस्थान आणि दुसरे डच ईस्ट इंडीज. हे दोन्ही देश गरीब होते आणि दोन्ही परसत्तेखाली होते. हिंदुस्थानाशी होणारा व्यापार कच्छी व गुजराती पेढ्यांच्या हाती होता. जयराम शिवजी यांच्या पेढीकडे तर एकोणिसाव्या शतकात झांझिबारच्या जकातीचा मक्ताही होता. या सावकारांचे कर्ज अरब बागाईतदारांच्या मानेवर बसले. १८९० पासून झांझिबार ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते. तेथील सरकारने १९३४ साली जमिनींच्या हस्तांतरावर निर्बंध घातले. हिंदुस्थान सरकारने चौकशीसाठी के. पी. एस. मेनन यांना तेथे धाडले. पुढे १९३७ च्या हुकुमाने लवंग खरेदीचा एकाधिकार बागाईतदारांच्या संघाला देण्यात आला, आणि हिंदी व्यापाऱ्याचा व्यवसायच संपुष्टात येण्याची चिन्हे दिसू लागली.

तेव्हा झांझिबारच्या हिंदी व्यापाऱ्यांनी खरेदी थांबविली आणि काँग्रेसने हिंदुस्थानात लवंगेवर बहिष्कार पुकारला. मुंबई बंदरात उतरणारा माल रोडावला. लवंग नसली तरी विडा लागतो, पूजाही होते. पेम्बाला मात्र लवंगेवाचून दुसरा आधार नव्हता. १९३८ साली तडजोड झाली, आणि व्यापाऱ्यांना काही अटींवर निर्यातीत पुन्हा स्थान मिळाले. परदेशस्थ हिंदी लोकांच्या हक्कांचा विजय म्हणून ही हकीकत सांगितली जाते, आणि ते खोटे नाही. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बागाईतदाराचे कर्ज खरे होते. आणि रोजावर कळ्या खुडणाऱ्या मजुराला या वादात कोणीच विचारले नव्हते.

दुसरा धडा अधिक कठोर ठरला. जाव्हामध्ये तंबाखूत लवंग मिसळून केलेल्या ‘क्रेतेक’ सिगारेटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाल्या आणि पुढे त्यांचा खप इतका वाढला की, लवंगेची मूळ भूमी असलेला देशच झांझिबारचा सर्वांत मोठा ग्राहक बनला! स्वतंत्र इंडोनेशियाने १९७० च्या दशकात लागवडीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला; १९८० च्या दशकात तो देश जवळजवळ स्वयंपूर्ण झाला आणि जागतिक भाव कोसळले. इंडोनेशियाला यात दोष देता येणार नाही. परकीय चलन वाचविण्यासाठी कोणताही विकसनशील देश हेच करील. झांझिबारमध्ये १९६४ च्या क्रांतीनंतर मोठ्या बागा सरकारजमा होऊन त्यांची वाटणी झाली होती आणि खरेदीचा एकाधिकार सरकारी व्यापारी महामंडळाकडे आला होता. महामंडळ शेतकऱ्याला इतका कमी भाव देई की, पेम्बाची लवंग रात्री होड्यांतून चोरट्या मार्गाने केनियाच्या मोंबासा बंदराकडे जाऊ लागली. २०११ नंतर निर्यातमूल्यातील शेतकऱ्याचा वाटा बराच वाढविण्यात आला, तेव्हा ही गळती आटली.

आज झांझिबारला पर्यटनातून लवंगेपेक्षा कितीतरी अधिक उत्पन्न मिळते. भारताच्या बाजारात मादागास्कर, कोमोरोस, श्रीलंका व इंडोनेशिया यांची लवंग झांझिबारच्या लवंगेशेजारी उभी आहे. यांतील कोमोरोस तर झांझिबारहूनही लहान आहे आणि त्याच्या निर्यातीत लवंगेचे स्थान फार वरचे आहे. गोदौलियाच्या दुकानदारापुढील डब्यात यांपैकी कोणत्या बेटाची लवंग आहे, हे पुडी बांधताना कोणी विचारीत नाही. गिऱ्हाईक फक्त लवंगेचा माथा शाबूत आहे की नाही, एवढे पाहून घेते.