जुन्या संगणकाचा प्रोसेसर बदलावा काय?

शाळेतील जुना संगणक मंद चालू लागला म्हणजे ‘याचा प्रोसेसर बदलून घ्या’ असा सल्ला कोणीतरी देतोच. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू; तो तल्लख झाला की सारे काम वेगाने होईल, हा तर्क प्रथमदर्शनी पटतो. परंतु खर्चावयाचा पैसा पुष्कळदा लोकवर्गणीचा असतो. तो एकदा वाया गेला, तर पुन्हा गावापुढे जाणे शिक्षकास जड जाते. यास्तव निर्णयापूर्वी तपासणी कशी करावी, हे येथे पाहू.

१. दोष कोठे आहे?

शालेय पोषण आहाराचे उदाहरण घ्या. शिजवणाऱ्या बाई कितीही चपळ असल्या, तरी कोठीतून तांदूळ येण्यास वेळ लागला किंवा ओट्यावर जागा नसली, तर खिचडी उशिराच होणार. संगणकात प्रोसेसर हा शिजवणारा हात, मेमरी हा ओटा आणि हार्ड डिस्क ही कोठी होय.

विंडोज १० असलेल्या संगणकावर मुले नेहमी वापरतात तो कार्यक्रम सुरू करावा. मग कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा व त्यातील टक्केवारी पाहावी. डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असून प्रोसेसर निवांत असेल, तर दोष कोठीचा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल, तर ओटा अपुरा. प्रोसेसर बराच वेळ १०० टक्क्यांजवळ राहिला, तरच त्याच्याकडे बोट दाखवावे.

जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते व माहिती शोधण्यास तिच्यावरील दांडीस हलावे लागते. एसएसडीत हलणारा भागच नसतो. म्हणून कित्येक जुन्या संगणकांत एसएसडी व थोडी अधिक मेमरी एवढ्यानेच काम भागते.

२. आधी स्वच्छता

कोकणातील दमट हवेत पंख्यावर धूळ चिकटून बसते व प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप कालांतराने वाळतो. प्रोसेसर तापला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. तेव्हा पंखा साफ करून व लेप नवा लावून पुन्हा तपासणी करावी.

३. नवा प्रोसेसर बसेल काय?

कोणताही प्रोसेसर कोणत्याही मदरबोर्डावर बसत नाही. इंटेलचा २०१२ सालचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर १,१५५ टोकांच्या सॉकेटात बसतो, तर २०१३ सालचा चौथ्या पिढीचा १,१५० टोकांच्या. पुढे २०१५ सालच्या सहाव्या व २०१७ सालच्या आठव्या पिढीस टोके सारखीच, म्हणजे १,१५१ आहेत. तरीही आठवी पिढी २०१५ सालच्या बोर्डावर चालत नाही. म्हणून बोर्डाचे नाव लिहून घ्यावे व उत्पादकाने दिलेल्या यादीत प्रोसेसर आहे की नाही, हे स्वतः पाहावे. कधीकधी आधी बायॉस अद्ययावत करावे लागते. ते चालू असता वीज गेल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो. हे काम पावसाळी, वादळी दिवशी करू नये. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बहुधा बोर्डास कायमचा जोडलेला असतो. तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

४. विंडोज ११ चा प्रश्न

विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या वा त्यापुढील पिढीचा लागतो. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या बोर्डावर प्रोसेसर बदलून तेथवर पोहोचता येणार नाही. असा संगणक लिनक्स प्रणालीवर वापरता येतो. सी-डॅकची ‘बॉस’ ही त्यांपैकी एक होय.

निष्कर्ष

बोर्डावर आज सेलेरॉनसारखा साधा प्रोसेसर आहे, उत्पादकाच्या यादीत त्याहून समर्थ प्रोसेसर आहे, तो स्वस्तात मिळतो आणि तपासणीत दोष प्रोसेसरचाच ठरला, या चारही गोष्टी जुळल्या तरच तो बदलावा. एरवी तो पैसा एसएसडी व मेमरीवर खर्चावा, किंवा नव्या संगणकासाठी राखून ठेवावा.

स्वाध्याय : आपल्या शाळेतील प्रत्येक संगणकाचा प्रोसेसर, बोर्ड, मेमरी व डिस्क यांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीतील त्याच्या नावापुढे करावी. वरील तपासणी वरच्या वर्गातील मुलांसमक्ष करावी. कारण शोधल्यावाचून उपाय करू नये, हा धडा त्यांनाही त्यातून मिळेल.